वीतभर कमी पडलेला शेला

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकलात तर पंखा लागेल, पण गोष्ट तिथवर पोचायची नाही. फार वेळ घेणार नाही तुमचा. कीर्तनातल्या बाईंची गोष्ट आहे आणि माझ्या हातून घडलेल्या एका पापाची. उठाल तेव्हा रिकाम्या मनाने उठणार नाही, एवढा शब्द देतो.

दुपारचा बाराचा सुमार. बार्शीतल्या आमच्या कीर्तन मंदिरात मी एकटाच संगणकासमोर बसलो होतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, क्षणभर सगळं थांबलं, आणि यंत्र छान सुरू झालं. मी हात जोडले. "पांडुरंगा, जमलं बाबा," असं मोठ्याने म्हणालोसुद्धा.

मग पडदा उजळला आणि त्यावर झेंडूची परडी दिसली.

परडी का? तिथे बाईंचा फोटो हवा होता. तीन आठवड्यांपूर्वी मीच लावला होता; हातात चिपळ्या, गळ्यात तुळशीमाळ. मी डोळे चोळले. कीर्तनांचा फोल्डर उघडला. शेवटपर्यंत गेलो. दोनशे अकरा. पुन्हा वरून खाली मोजली. दोनशे अकराच. दोनशे बारावं नव्हतं.

त्या यंत्राला गेले तीन आठवडे आठवतच नव्हते. सगळं कसं नीटनेटकं, हसतमुख आणि कोरं.

आता हे दोनशे बारावं काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

मी सदानंद बुरगुटे. बाजारपेठेत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, पण संध्याकाळी माझं शरीर कुठेही असो, जीव कीर्तनात. मथुराबाई आष्टेकरांचं कीर्तन मी वयाच्या अठराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं आणि तेव्हापासून चुकवलं नाही. काय तो आवाज! पूर्वरंगात बाई अशा बोलत, जणू चुलीपुढे बसवून समजूत काढताहेत. आख्यानाला उभ्या राहिल्या की तोच आवाज कळसाला जाऊन भिडे. त्यांची कीर्तनं मीच ध्वनिमुद्रित करत असे, मंदिराच्या त्याच संगणकावर.

बाईंच्या दोन खोडी होत्या. एक म्हणजे, कीर्तन करताना त्या नेहमी डावीकडे वळून बोलत. माइक राहायचा समोर आणि आवाज जायचा डावीकडच्या पहिल्या खांबाकडे. शेवटी मीच हरलो आणि माइक डावीकडे नेला. दुसरी खोड, तोंडावर झगझगीत दिवा हवा. दिवा नसेल तर उभ्याच राहायच्या नाहीत. आमचे पेटीवाले उकरंडे मास्तर तोंडाने भारी फटकळ. ते म्हणायचे, "सदा, बाईंना म्हातारपणी सिनेमात जायचंय बहुतेक. आणि तो डाव्या खांबावरला देव यांनाच दिसतो, आपल्याला काही दिसत नाही."

डाव्या खांबापाशी देव कुठला, आमची हौसाबाई बसायची. हौसाबाई धोत्रे. मंदिर झाडायची, सतरंज्या घालायची, आणि कीर्तन सुरू झालं की त्या खांबाशी मांडी घालून बसायची. मनाने चांगली पण शिष्ट, असं सगळ्यांचं मत. मागून हाक मारली तर वळायची नाही. "अगं हौसामावशी, कधीची हाक मारतोय!" म्हटलं की एकदम समोर बघून म्हणायची, "कामात व्हते, लेकरा." आणि बोलायची ती एवढ्या मोठ्याने की देव जागा व्हावा.

बाईंच्या घशात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. तारीख ठरली. जायच्या तीन दिवस आधी बाईंनी मला मंदिरात बोलावून घेतलं.

"सदानंद, एक आख्यान रचलंय. कोष्टिणीचं. अजून कुणापुढे केलेलं नाही. ते ध्वनिमुद्रित करून ठेव. माझा आवाज त्यात राहू दे."

"लिहून ठेवलंय का, बाई?"

"कीर्तन लिहायचं नसतं रे. उभं राहून सांगायचं असतं."

"मास्तरांना पेटीवर बोलावू?"

"कोणी नको. रडतील आणि मलाही रडवतील. तू यंत्र सुरू कर आणि बाहेर जा." मग डाव्या खांबाशी बसलेल्या हौसाबाईकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हिला मात्र बसू दे. समोर माणूस असल्याशिवाय मला सांगता येत नाही."

मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू? पंधरा वर्षं मी कानात प्राण आणून ऐकलं, आणि बसायचा मान झाडणारीला. पण बाईंपुढे बोलायची प्राज्ञा नव्हती. मी यंत्र सुरू केलं, दार लोटलं आणि पायरीवर बसून राहिलो. आतून अस्पष्ट चिपळ्या ऐकू येत होत्या. सव्वा तासाने बाई बाहेर आल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सांभाळ." त्या हाताचं वजन अजून टाळूवर आहे.

ते दोनशे बारावं.

आता माझी चूक ऐका. त्या संगणकात आधी विषाणू फार शिरायचे. लोक कीर्तनं न्यायला पेनड्राइव्ह आणत आणि जाताना रोगराई ठेवून जात. म्हणून मी त्यात लिनक्स ही वेगळी यंत्रणा घातली होती, आणि साधंसुधं नाही. डिस्कच्या ज्या भागावरून, म्हणजे पार्टिशनवरून, यंत्र सुरू होतं, ते मूळ पार्टिशनच मी एका निराळ्या पद्धतीने मांडलं होतं. तिच्यात जुन्या ओळीवर नवी ओळ कधी लिहीत नाहीत. बदल करायचा झाला तर नवी ओळ कोऱ्या जागी उतरते, जुनी तिच्या जागी तशीच राहते. त्यामुळे अख्ख्या यंत्राचा आजच्या तारखेचा स्नॅपशॉट, म्हणजे आहे तशी छबी, निमिषात काढून ठेवता येतो, आणि उद्या काही बिघडलं तर सरळ त्या जुन्या तारखेवरून यंत्र सुरू करता येतं. मला तर ते पूर्वजन्म आठवण्यासारखं वाटायचं. दुकानात येईल त्याला मी हे कौतुकाने सांगायचो.

बाईंच्या ध्वनिमुद्रणाआधी आठच दिवस एक अपडेट फसलं आणि यंत्र उठेना. मी ऐटीत दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेचा स्नॅपशॉट निवडला, यंत्र उठलं. मधल्या काळातली कीर्तनं बाहेरच्या डिस्कवरून परत आणली, बाईंचा फोटो लावला, आणि म्हटलं, तात्पुरतं चालू दे, सवडीने मूळ जागा दुरुस्त करू. तात्पुरतं म्हणजे काय ते आपल्याला माहीतच आहे! तेव्हापासून यंत्र त्या स्नॅपशॉटमध्येच राहत होतं. बाईंचं आख्यान त्यातच उतरलं. पण त्या स्नॅपशॉटच्या नावावर तारीख होती ती दोन महिन्यांपूर्वीची.

बाई सोलापूरला गेल्यावर दहा दिवसांनी डिस्क भरली. म्हटलं, आधी झाडलोट करू, मग आख्यानाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊ. त्या दिवशी सकाळी पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं, मूळ जागा दुरुस्त केली, आणि स्नॅपशॉटांची यादी काढली. सगळ्यांत जुनी तारीख सगळ्यांत वर होती. मी मनाशी म्हणालो, एवढं जुनं कशाला ठेवायचं? आणि तो स्नॅपशॉट पुसून टाकला.

माणूस राहत्या घराला जुनी अडगळ समजून काडी लावतो, तसं केलं मी. आणि वर देवाला हात जोडले.

तर मी त्या झेंडूच्या परडीसमोर बसलो होतो. डोक्यात एकच विचार होता, की काहीतरी करायला हवं, लगेच. बाहेरची डिस्क जोडली. वाटलं, त्यावरचं सगळं पुन्हा यात ओतू, कदाचित कुठे चुकून एखादी प्रत असेल. एक हात संगणकाच्या लोखंडी खोक्यावर, दुसरा माउसवर. ओठ हलत होते, पण घशातून आवाज फुटत नव्हता. मेलो. मेलो. मेलो.

तेवढ्यात दालनाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, जिथे ती सतरंज्या झटकत होती, तिथून हौसाबाई धावत आली. हातात जळमटं काढायची वेळूची काठी. मी बघतोय तोवर तिने काठी वायरीत घातली आणि अशी हिसडली की प्लग भिंतीतून उपटून माझ्या गुडघ्यावर आदळला.

पडदा काळा झाला. यंत्र बंद.

"अगं ए!" मी किंचाळलो. "काय केलंस हे! अक्कल आहे का?"

"करंट लागला व्हता ना तुला!" ती धापा टाकत म्हणाली. "पांढराफट पडलायस. हात चिकटला व्हता त्या डब्याला."

"करंट नाही, माझं कर्म लागलं होतं! चालतं यंत्र असं बंद करतात?"

"माणूस हाय तर यंत्र," ती म्हणाली, आणि काठी घेऊन सतरंज्यांकडे गेली. एवढी बोलणी खाल्ली, पण चेहऱ्यावर राग नाही.

मी तिथेच फरशीवर बसून रडलो. उकरंडे मास्तर आले तेव्हा मी तसाच बसलो होतो. त्यांना सगळं सांगितलं.

"बाईंची शस्त्रक्रिया झाली रे काल," ते म्हणाले. "आता काय सांगायचं त्यांना?"

"पुन्हा म्हणा असंही सांगता येत नाही, मास्तर."

"सदा, मला एक सांग. तुझ्या त्या यंत्रात जुन्या ओळीवर नवी लिहीत नाहीत म्हणून ढोल बडवत होतास तू. मग पुसलेली ओळ कुठे जाते?"

मी मान वर केली.

खरंच, कुठे जाते? कुठेच जात नाही. वही फाडली जात नाही, फक्त अनुक्रमणिकेतलं नाव खोडलं जातं. मग यंत्र चालू असताना पाठीमागे हळूहळू एकेक पान मोकळं करत जातं आणि नवं काही आलं की त्यावर लिहितं. मी बाहेरच्या डिस्कवरची शंभर गिगाबाइट त्यात ओतणार होतो. आणखी दोन मिनिटं यंत्र चालू राहतं, मी ते बटण दाबतो, तर बाईंचा आवाज माझ्याच हाताने कायमचा गाडला गेला असता.

ज्या हिसड्यासाठी मी हौसाबाईची अक्कल काढली, तोच हिसडा वेळेवर बसला होता.

पुढचे चार दिवस मी दुकान बंद ठेवून मंदिरातच बसलो. त्या डिस्कवर काहीही न लिहिता, नुसतं वाचत, खोडलेल्या अनुक्रमणिकेच्या जुन्या खुणा शोधत. चौथ्या दिवशी दुपारी एक खूण लागली. फाईल वेगळ्या डिस्कवर उतरवली, कानाला लावली. आधी खाकरणं, मग चिपळ्या, आणि मग, "ऐका हो, एक होती कोष्टीण..." मी आणि मास्तर एकमेकांच्या गळ्यात पडलो.

पण आख्यान होतं बहात्तर मिनिटांचं, आणि हाती लागली एकसष्ट. शेवटच्या अकरा मिनिटांची पानं यंत्राने तेवढ्यात मोकळी करून त्यांवर दुसरं लिहूनही टाकलं होतं. कितीही खणलं तरी ती निघाली नाहीत.

महिन्याने बाई परत आल्या. गळ्याला पांढरा रुमाल, हातात मुलांची असते तशी पाटी. मी पायांवर डोकं ठेवलं. सांगायला तोंड उघडणार तोच बाईंनी पाटीवर लिहिलं, "रविवारी दुपारी सगळ्यांना ऐकवू." मास्तर म्हणाले, "आता सांगितलं नाहीस तर भर सभेत सांगावं लागेल." मी नाही सांगितलं. भित्रा माणूस चूक दोनदा करतो.

रविवारी मंदिर भरलं. बाई जाजमावर बसल्या. हौसाबाई डाव्या खांबाशी. मी यंत्र सुरू केलं.

गोष्ट एका म्हाताऱ्या कोष्टिणीची. तिला देवासाठी शेला विणायचा असतो. आयुष्यभर दुसऱ्यांची वस्त्रं विणली, आता एक त्याच्यासाठी. डोळे गेले तरी बोटांनी विणते. गाव हसतं. शेला होत येतो आणि वीतभर उरला असताना सूत संपतं. घरात धागा नाही, अंगात त्राण नाही. तसाच अपुरा शेला घेऊन ती देवळाच्या पायऱ्या चढते. बाईंचा आवाज असा चढत गेला की शेजारचा माणूस श्वास घ्यायचा विसरला. "म्हातारी गाभाऱ्यात उभी राहिली, थरथरत्या हाताने शेला पुढे केला आणि म्हणाली, देवा..."

आणि थांबलं. खरखर नाही, काही नाही. कात्रीने कापल्यासारखं.

लोक वाट बघत राहिले. मला उठून उभं राहावंच लागलं. "बाई," मी म्हणालो, "पुढचं नाही. पुढचं माझ्या हातून गेलं." जे झालं ते सगळं सांगितलं, मान खाली घालून. कोणी उठून मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

वर बघितलं तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी पाटी घेतली नाही. चिपळ्या घेतल्या. दिव्याखाली गेल्या, डावीकडे वळल्या, आणि त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नाही. नुसता श्वास गळ्यावरच्या रुमालात फुरफुरत होता. चिपळ्या वाजत होत्या, हात उठत होता, चेहरा कीर्तनाचा, आणि शब्द एकही नाही. लोकांनी माना खाली घातल्या. मास्तरांनी पेटीवर डोकं टेकवलं. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आणि डाव्या खांबापासून खणखणीत आवाज आला.

"देवा, वीतभर कमी पडलाय रं. माजं सूत सरलं."

हौसाबाई उठून उभी होती. डोळे बाईंच्या तोंडावर खिळलेले.

बाईंचे ओठ हलले. हौसाबाई बोलली. "बाई म्हंत्यात, देव खाली उतरला. शेला अंगावर घेतला. म्हातारी म्हनली, नगं, लोक हसतील तुला, टोक उघडं दिसतंय, दशा लोंबत्यात. देव म्हनला, कुटं दिसतंय?"

बाईंनी चिपळ्या सोडल्या आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"तवापासनं त्येनं हात कमरंवर ठिवल्यात," हौसाबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण नजर हलत नव्हती. "शेल्याचं अपुरं टोक मुठीत धरलंय त्येनं. अजून सोडलं न्हाई. कोष्टिणीची लाज झाकून हुबा हाय."



मास्तर मागून म्हणाले, "हौसा! अगं, तुला ऐकू कसं येतंय? आम्हाला तर काहीच..."

ती वळली नाही. मास्तरांनी पुन्हा हाक मारली. नाहीच वळली. मग मी उठलो, तिच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि तेच विचारलं.

"ऐकू कुटं येतंय, लेकरा?" ती म्हणाली. "खाणीत सुरुंग उडला तवापासनं सव्वीस वर्सं झाली, ढगाचा गडगडाट बी ऐकू येत न्हाई मला. मी बघते."

"आणि एवढी वर्षं... कीर्तन?"

"बाई दावत्यात ना. उजेडात हुबं ऱ्हाऊन, माज्याकडं तोंड करून. दुसऱ्या कुनाला म्हाईत न्हाई. सांगितलं असतं तर हसला असता, भैरी कीर्तनाला कशाला येती म्हून."

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खाली बघत होते.

"मग त्या दिवशी," मी म्हणालो, "करंट लागला म्हणून तू तिकडून..."

"तू वरडला कुटं व्हतास? तोंड हललं तुजं. मेलो, मेलो म्हनत व्हतास. मी बघितलं."

त्यानंतर चार वर्षं बाईंनी कीर्तन केलं. बाई दिव्याखाली उभ्या राहायच्या, हौसाबाई समोर बसून बोलायची. चूक झाली की बाई चिपळी आपटायच्या आणि हौसाबाई म्हणायची, "थांबा वो, दम धरा, येवडं भराभर दिसत न्हाई." मंदिर हसायचं. ती सगळी कीर्तनं मी ध्वनिमुद्रित केली, आणि दर वेळी तीन ठिकाणी तीन प्रती ठेवल्या. बाई गेल्या त्याला आता नऊ वर्षं होतील. हौसाबाई मागच्या चैत्रात गेली.

बाईंचं नाव सगळे घेतात. मंदिरात तसबीर आहे, हार असतो. तुमच्याकडे माझं मागणं दुसरंच आहे. कमरेवर हात ठेवून उभा असलेला देव कुठेही दिसला, घरात, वाटेवर, कॅलेंडरवर, तर त्याच्या मुठीकडे एकदा बघा, आणि बघताना हौसाबाई धोत्रेला आठवा. डावीकडचा पहिला खांब. तिथे बसायची.